डनवुडी साहेबाच्या चोवीस कड्या

६ जानेवारी २०२५, अमरावती

समितीवर माझं नाव आलं. पोस्टमन पत्र घेऊन आला तेव्हा मी अंगणात हरभरा सोलत बसलो होतो. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले आणि मगच पाकीट घेतलं. ‘विभागीय वारसा वास्तू निवड समिती, सदस्य (इतिहास).’ राजापेठेतल्या शाळेत चौतीस वर्षं इतिहास शिकवला. एकही पोरगा इतिहासाकडे वळला नाही, सगळे डी.एड. नाहीतर पोलीस भरती. पण शेवटी शासनाला माझी आठवण झाली. समितीचे अध्यक्ष धर्मेंद्र काळमेघ हे माझेच विद्यार्थी, हा केवळ योगायोग. इतिहासात त्यांना सदतीस गुण होते.

सौ.ने पत्र वाचलं आणि म्हणाली, “आपली गच्ची पावसात गयते, ते बी वारशातच धरतीन का?” तिला या विषयाचं गांभीर्य नाही.

जी वास्तू निवडली जाईल तिच्या दारावर पितळी पाटी लागणार आहे. पाटीवर संशोधकाचं नाव देण्याची पद्धत आहे का, ते हळूच विचारून घ्यायला हवं. मला स्वतःला नावाचा सोस नाही. पण शाळेच्या पाणपोईवर मुख्याध्यापकांचं नाव लागलं आणि ती जागा मी सुचवली होती, हे आज गावात कुणाला ठाऊक आहे?

९ जानेवारी

पहिली बैठक. नियमांचा मसुदा करायचं काम मी मागून घेतलं, कारण बाकीचे चार सदस्य आणि अध्यक्ष मोबाईलमध्ये बघत होते. एकूण अकरा नियम केले. नियम सहा मला फार आवडला आहे: वास्तूचा आजचा वापर तिच्या ऐतिहासिक वापराशी सुसंगत असावा, नसल्यास तो वापर बंद करावा. नियम नऊही चांगला उतरला: संरक्षित वास्तूच्या भिंतीवर काहीही लिहिणे हा गुन्हा.

गुणपत्रिकाही ठरली. शंभरपैकी साठ मिळाले तर वास्तू संरक्षित, कमी पडले तर मालक पाडायला मोकळा. वय वीस, बांधकाम वीस, सौंदर्य पंधरा, लोकस्मृती वीस आणि थोर व्यक्तीचे वास्तव्य पंचवीस. शेवटचा रकाना मी सुचवला. इतिहास म्हणजे शेवटी थोर माणसंच.

पहिलंच प्रकरण अकोल्याचं निघालं आणि माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. बारा रेच्यांच्या जिनेतला डनवुडी बंगला! रेचे म्हणजे कापसातून सरकी काढणारी यंत्रं, जिन म्हणजे त्यांचा कारखाना. जिन बंद पडून तीस वर्षं झाली, मालकाच्या वारसांना तिथे दुकानांचं कॉम्प्लेक्स बांधायचं आहे. बंगल्यात एक कुटुंब राहतं आणि पुढच्या दालनात अंगणवाडी भरते. त्याच कुटुंबातल्या अंगणवाडी सेविका ज्योत्स्ना तायडे यांनी अर्ज केला आहे की हे घर पाडू नये. अर्जात घर काय आहे, कुणाचं होतं, काही लिहिलेलं नाही. सामान्य माणसाला पुराव्याची सवय नसते. पुरावा माझ्याकडे आहे. १९९४ साली मी पदरमोड करून ‘वऱ्हाडातील विस्मृत वास्तू’ हे पुस्तक काढलं, त्याचं पान सदतीस संपूर्ण डनवुडी साहेबावर आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

कौशल्याताई अंजनगाव सुर्जीहून तिळगुळ घेऊन आली. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, पंचाहत्तर झाली, पण एसटीत उभी राहून येते. तिला डनवुडी बंगल्याबद्दल सांगितलं तर तिचा लाडू हातातच राहिला.

“अकोल्याची जिन? बारा रेच्याची?”

“हो. तुला ठाऊक आहे?”

“मले काय ठाऊक राहीन,” ती म्हणाली आणि लगेच सौ.ला भाजीत कांदा किती घातला ते विचारायला लागली.

आईची आठवण निघाली. आईला स्थापत्याची उपजत जाण होती असं माझं मत आहे. लहानपणी अकोल्याला लग्नाला गेलो की त्या जिनेवरून जाताना ती टांगेवाल्याला थांबवायला लावायची. उतरायची नाही. नुसती भिंतीकडे बघत बसायची. त्या वास्तूचं महत्त्व तिला माझ्या आधी कळलं होतं, म्हणूनच पुस्तक तिला अर्पण केलं. शिकलेली नव्हती, पण खानदानी बाई. आवाज मोठा. शेजारी बसलेल्या माणसाशीही शेतापलीकडच्या गड्याशी बोलावं तसं बोलायची. तीस एकर काळ्या जमिनीच्या घरातला आवाज असाच असतो. कुणीही समोर आलं की त्याच्या खांद्यावरचं नसलेलं सूत टिपायची. स्वच्छतेची आवड. तिळगुळाचे लाडू मात्र ती किंचित वाकडे वळायची, कारण उजव्या हाताचं एक बोट अर्धं होतं. विळ्यावर कापलं होतं म्हणे. शेवटी खोकल्याने गेली. शेतातली धूळ.

ताई जाताना म्हणाली, “खुशाल, त्या घराचं काय करतं ते जपून कर.” वारसा समितीची जबाबदारी किती मोठी आहे ते घरच्या माणसांनाही जाणवू लागलंय.

२१ जानेवारी, अकोला

सकाळच्या बसने अकोल्याला जाऊन पाहणी केली. एकतीस वर्षांनी पुन्हा त्या दारात उभा राहिलो. जिनेच्या शेडला लागून बंगला. वास्तविक ते एकच मोठं दालन आणि मागे दोन खोल्या, पण साहेब लोक साधेपणाने राहत.

तपशील इथे नोंदवून ठेवतो. दालनाच्या तुळयांना लोखंडी कड्या आहेत. मोजल्या, चोवीस. प्रत्येक कडीखाली भिंतीवर काळ्या रंगात आकडा, एक ते चोवीस. कड्या जमिनीपासून जेमतेम सहा फुटांवर, माझं डोकं दोनदा आपटलं. या पंख्यांच्या कड्या होत, हे मी १९९४ सालीच सिद्ध केलेलं आहे. चोवीस पंखे! साहेबाला उकाडा फार होत असला पाहिजे. शेडच्या बाजूला जमिनीलगत गज लावलेली एक लांबच लांब खिडकी आहे. साहेब तिथून मजुरांवर नजर ठेवी. खिडकी इतकी खाली का, हा प्रश्न उरतो. बसून ठेवत असेल. कोपऱ्यात वीतभर खोलीची एक दगडी मोरी आहे. साहेबाचा कुत्रा धूत असतील. आणि सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे आवारातला कापसाच्या गठाणी मोजायचा जुना वजनकाटा. त्यावर लोखंडात अक्षरं ओतलेली आहेत: डनवुडी. साहेबाने आपल्या वस्तूंवरही नाव घातलं होतं.

दालनात पंधरा-वीस मुलं खिचडी खात होती. हा वापर नियम सहाच्या विरुद्ध आहे, ते मी वहीत लिहून घेतलं. ज्योत्स्नाबाई चटपटीत आहे. तिची आजी जाईबाई भिंतीला टेकून एका पोराला मांडीवर थोपटत होती. वय चौऱ्याऐंशी. नवरा देवराव या जिनेचा चौकीदार होता. १९९४ साली मला साहेबाची माहिती देणारे ते हेच. आता नाहीत. बाईंनी माझ्याकडे बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं.

“चहा मांडू का गुरुजी?”

म्हटलं, नको, पोटाचा त्रास आहे, बाहेरचं काही घेत नाही. पाणीही नको म्हटलं. बाटली होती माझ्याकडे.

“तवाही तुमी नाहीच घेतला,” जाईबाई म्हणाली. तीस वर्षांपूर्वीचं तिच्या लक्षात आहे. लोकस्मृती या रकान्यात दहा गुण द्यायला हरकत नाही.

२३ जानेवारी

धर्मेंद्रच्या घरी अहवालावर चर्चा. गिला वडा मागवला होता. चार खाल्ले, दोनदा चहा झाला. पाटीवर संशोधकाचं नाव देता येईल असं तो म्हणाला. “तुमच्याशिवाय कोनाचं टाकतो सर?” मुलगा गुणी आहे, सदतीस गुणांवर माणसाची पारख करू नये.

३० जानेवारी

बैठक. डनवुडी बंगल्याला अडुसष्ट गुण मिळाले, त्यातले तेवीस साहेबाचे. टाळ्या वाजल्या. मग रागिणी चौधरी बोलली. ही पुण्याला शिकून आलेली आर्किटेक्ट, वयाने माझ्या मुलीएवढी. म्हणाली, “सर, साहेबासाठी दुसरा काही आधार आहे का? तुमच्या पुस्तकाखेरीज.”

मी म्हटलं, एकच काय, पाच आणून देतो.

तिने आणखी एक मुद्दा काढला. नियम सहाप्रमाणे साहेबाच्या बंगल्यात अंगणवाडी चालणार नाही आणि मागे कुटुंबही राहू शकणार नाही. घर वाचेल, माणसं निघतील. “चालेल का सर?” तिने मला विचारलं. मी म्हटलं, नियम हा नियम असतो. धर्मेंद्रने तिथे साहेबी थाटाचं चहा-कॉफीचं दुकान काढता येईल असं सुचवलं. त्याच्या साळ्याने पर्यटनाचा कोर्स केलेला आहे.

४ फेब्रुवारी

पाच आधार मिळाले. एका कॉलेजची स्मरणिका, एक पीएच.डी.चा प्रबंध, इंटरनेटवरचं एक पान, एका नगरसेवकाचं छापील भाषण आणि जिनेवरचा वर्तमानपत्री लेख. पाचही जण डनवुडी साहेबावर एकमत आहेत. तळटिपा पाहिल्या. पाचही जणांनी माझं पान सदतीस दिलं आहे. प्रबंधात तर साहेबाला एक मडमही मिळाली आहे, ती मी दिलेली नव्हती. इतिहास असाच वाढत जातो. रागिणीला प्रती पाठवल्या. तिचं उत्तर आलं: “सर, हे सगळे तुम्हीच आहात.” कौतुक आहे की काय, कळलं नाही.

दुपारी ज्योत्स्नाबाईचा फोन. तिला नियम सहाचं कळलंय. “सर, घर वाचवाले मी अर्ज केला, आन् तुमी आमालेच काहाडून राहिले? आजी या वयात कुठं जाईन? आन् हे लेकरं?” मी तिला वास्तूचं महत्त्व समजावून सांगितलं. ती म्हणाली, “आजीचं एकदा ऐकून त घ्या. तिले कोनीच विचारलं नाही.”

मी विचारलं होतं. देवरावांना विचारलं होतं. एका घरात दोघांना विचारायची गरज नसते. तरी माझ्यावर एकतर्फी निर्णयाचा आरोप नको. अकरा तारखेला पुन्हा जाईन. पुस्तकाची एक प्रत भेट देईन, म्हणजे त्या कुटुंबालाही आपण कुठे राहतो याची जाणीव होईल.

११ फेब्रुवारी, अकोला

बसस्टँडवर बसून लिहितोय. चार बस गेल्या.

जसं झालं तसं लिहितो. पुस्तक दिलं. ज्योत्स्नाने पान सदतीस मोठ्याने वाचलं, आजीला ऐकू यावं म्हणून. चोवीस पंख्यांशी आल्यावर जाईबाईला हसू फुटलं. पदर तोंडाला लावून हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग म्हणाली, “गुरुजी, इथं कोनी साहेब नोता. त्या कड्याइले झोया बांधत. लेकराइच्या झोया.”

मी म्हटलं, देवरावांनी स्वतः मला सांगितलं होतं.

“आमच्या याइनं तुमाले तीन दिवस तेच सांगतलं. का इथं बाया रेच्यावर काम करत, आन् त्याइचे लेकरं येथं राहत. तुमी लिहूनच नाही घेतलं. रोज येऊन एकच, साहेब कोन होता, साहेब कोन होता. चवथ्या दिवशी हे कंटायले. म्हने, जाऊ दे वो, एक साहेब देऊन टाकू याले. मंग काट्यावरचं कंपनीचं नाव वाचून सांगतलं.”

ती खिडकी जमिनीलगत होती, कारण रेच्यावर बसलेल्या बाईला आपलं लेकरू दिसावं. मोरीत लेकरं धूत. प्रत्येकीला एक कडी, कडीला नंबर. जाईबाई सोळा वर्षांची नवरी होऊन इथे आली. धम्मदीक्षा होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. जिनवाल्याने चौकीदाराच्या बायकोला लेकरं सांभाळायचं काम दिलं. चोवीस झोळ्यांना एकटी झोका द्यायची. एका दोरीला सहा-सहा झोळ्या बांधून घेतल्या होत्या, एक ओढली की सहा हलायच्या.

मी वही काढली होती, पण पेन चालेना. पेन चालत होतं, मी चालवत नव्हतो.

पुस्तक मिटताना ज्योत्स्नाला अर्पणपत्रिका दिसली. तिने तीही वाचली. “मातोश्री आशाबाई गावंडे, अंजनगाव सुर्जी, यांस.”

जाईबाईने विचारलं, “अंजनगावची आशा? इचं बोट अर्धं होतं, उजव्या हाताचं?”

मी होय म्हणालो. विळ्यावर कापलं होतं, असंही म्हणालो.

“रेच्यात गेलं ते. बारा नंबरच्या. मी सोता चिंधी बांधली.” मग ती उठली. ज्योत्स्नाने हात दिला तो तिने झिडकारला. चालत जाऊन एका कडीखाली उभी राहिली. कडीखाली सतरा आकडा होता. “इथं होते तुमी. दीड वरीस. लय रडके. आशा रेच्यावरून उठू शके नाही, त तिथूनच ओरडे, जाई, माह्या खुशाल्याले पानी पाज. रेच्याच्या आवाजात ऐकू जावं लागे ना, मनून सगळ्या बायाइचा आवाज तसाच झालता.”

मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, “माह्या हातचं पानी पेऊनच मोठे झाले तुमी. आता मातर पोटाले बाधते.”

ज्योत्स्ना म्हणाली, आजी, राहू दे. जाईबाई म्हणाली, मी काय खोटं बोलली?

मी तिथून बाहेर आलो. पायात चप्पल घातली की नाही तेही आठवत नाही. आत्ता पाहिलं, घातलेली आहे.

१२ फेब्रुवारी

आज लिहिण्यासारखं काही नाही.

१५ फेब्रुवारी, अंजनगाव सुर्जी

ताईकडे आलो. ती पाटीभर मिरच्या निवडत बसली होती. मी काही विचारायच्या आधीच म्हणाली, “जाई जित्ती हाये अजून?”

म्हणजे सगळं खरं. बाबांचं काकांशी भांडण झालं, वाटणीची विहीर काकांकडे गेली, बाबा तावातावाने घर सोडून अकोल्याला गेले. तीन वर्षं तिथे होतो. बाबा गठाणी चढवत, माय रेच्यावर. ताई आठ-नऊ वर्षांची, ती सरकी वेचायला जायची. पुढे भावांचं मिटलं, परत आलो आणि घरात ठरलं की अकोल्याचं नाव काढायचं नाही. गावंड्यांची सून रेच्यावर बसली होती हे सोयरिकीत कळलं तर काय.

“तीस एकर?” मी विचारलं.

“सात,” ताई म्हणाली.

“आणि तू मला कधी सांगितलं नाहीस.”

“मायनं शपथ घातली होती. आन् तू बुक लिहिलं तवा ते लय रडली. तुले वाटलं खुशीनं रडून राहिली.” ताईने मिरचीचं देठ खुडलं. “तिनं ते पान वाचून घेतलं माह्याकडून. म्हने, पोरानं सारं घर लिहिलं, आपल्याले सोडून.”

शेतातली धूळ नव्हती ती. कापसाच्या रुईचे तंतू होते छातीत. आणि लोकांच्या खांद्यावर ती जे टिपायची, ते तिला दिसत होतं.

ताईने चहा केला. मी म्हटलं, ताई, मी जाईबाईच्या घरचं पाणी घेतलं नाही, दोनदा. ताईने माझा कप पुन्हा भरला. काहीतरी बोलली असती तर बरं झालं असतं.

२२ फेब्रुवारी

गेले सात दिवस हिशेब करून पाहतोय, गुणांचा. पान सदतीस खरं ठेवलं तर अडुसष्ट. घर वाचतं, पण अंगणवाडी आणि जाईबाई बाहेर. तिथे धर्मेंद्रचा साळा कॉफी विकेल आणि मायच्या कडीला साहेबाचा पंखा लटकवतील. खरं सांगितलं तर वापर सुसंगत होतो, नियम सहा उलट अंगणवाडीच्या बाजूने उभा राहतो. पण साहेबाचे तेवीस गुण जातात. राहतात पंचेचाळीस. घर पडतं.

गुणपत्रिका पुन्हा पुन्हा पाहिली. चोवीस झोळ्यांना झोका देणाऱ्या बाईसाठी तिच्यात रकाना नाही. अर्ध्या बोटासाठी नाही. ही गुणपत्रिका मी केली.

ज्योत्स्नाला फोन करून दोन्ही शक्यता सांगितल्या. तिने आजीला विचारलं. मला फोनवरूनच ऐकू आलं: “त्याले म्हन, मले साहेबाच्या घरात नाही मरा लागत. खरं सांग, मंग पडन त पडन.”

सौ.ला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, “सासूबाई मले रोज म्हनत, लेकराले नजरेपुढं ठेव. मले वाटे काहून एवढ्या भेतात.”

३ मार्च

अंतिम बैठक. उभा राहिलो आणि म्हटलं, पान सदतीस चुकीचं आहे. साहेब नव्हता. ते जिनेतल्या बायकांच्या लेकरांचं पाळणाघर होतं. खोलीत एवढी शांतता झाली की पंख्याचा आवाज यायला लागला, एकाच पंख्याचा.

धर्मेंद्र म्हणाला, “सर, तुमी आमाले शिकवलं, पुस्तकातलं असंन तेच लिहा.”

“म्हणून तुला सदतीस मिळाले,” मी म्हटलं. हे बोलायला नको होतं.

रागिणीने मात्र खिडकीची उंची, कड्यांवरचे दोरीचे घासलेले व्रण, मोरीची खोली, सगळं पटापट फळ्यावर काढून दाखवलं. तीही जानेवारीत एकटी जाऊन घर पाहून आली होती, तेव्हाच तिला हे दिसलं होतं म्हणे. मग सांगितलं का नाही विचारल्यावर म्हणाली, “सर, तुम्ही खूप आनंदात होता.”

आता थोर व्यक्तीचा रकाना. धर्मेंद्र म्हणाला, तो रिकामा राहिला की घर गेलं. मी म्हटलं, नाव आहे. लिहा, आशाबाई गावंडे.

“या कोन?”

“रेच्यावर होती. माझी माय.”

कुणीतरी खाकरलं. धर्मेंद्रने चष्मा काढून पुसला. “सर, मले समजते. पन नमुन्यात सार्वजनिक जीवनातलं योगदान लिहा लागते. जिल्ह्यातून ऑडिट होते त्याचं.” मग तो एकदम सरळ बसला. “पन सर, तुमी होते ना तेथं? दीड वर्ष? तुमी ज्येष्ठ इतिहासकार, शासनाच्या समितीचे सदस्य. वास्तव्य त झालं.”

“धर्मेंद्र, मी झोळीत होतो.”

“नमुन्यात वय नाही विचारलं, सर.”

मी थोर आहे की नाही यावर हात वर करून मतदान झालं. पाच विरुद्ध शून्य. मी तटस्थ राहिलो. आयुष्यभर वाट पाहिली होती कुणीतरी असं म्हणावं याची, आणि म्हटलं तेव्हा मला नाही म्हणायची सोय नव्हती. नाही म्हटलं असतं तर जाईबाईच्या डोक्यावरचं छप्पर गेलं असतं. माझे बावीस गुण धरून एकूण सदुसष्ट. डनवुडी साहेबाहून मला एक कमी पडला. घर संरक्षित, अंगणवाडी राहील, मागचं कुटुंब राहील.

घरी आल्यावर लाज वाटली. तरी नोंदवतो की जेवण चांगलं गेलं.

२१ एप्रिल, अकोला

आज पाटी लागली. पितळी, दोन फूट बाय दीड. ‘ज्येष्ठ इतिहाससंशोधक मा. श्री. खुशालराव गावंडे यांचे या वास्तूत बालपणी वास्तव्य होते.’ खाली धर्मेंद्रचं नाव, माझ्याहून मोठ्या अक्षरात. मायचं नाव टाका म्हणून मी तीन पत्रं लिहिली होती. उत्तर आलं की मजकूर मंजूर झाला असून बदल करायचा तर प्रकरण पुन्हा गुणांवर जाईल. मी चौथं पत्र लिहिलं नाही.

भाषणं झाली, गाड्या गेल्या. मी आणि ताई मागे राहिलो. ताई आणि जाईबाई एकमेकींचे हात धरून अर्धा तास नुसत्या बसल्या. दोघींनाही नीट ऐकू येत नाही.

जाईबाईने विचारलं, “चहा मांडू का?” मी म्हटलं, मांडा, आणि आधी पाणी द्या. तिने तांब्या स्वतः आणला. मी सगळा संपवला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ज्योत्स्नाला म्हणाली, “पेते वो आता.” त्यावर मला क्षमा मागायची होती, वाक्य बसमध्ये तयार करून आणलं होतं, चांगलं लांब होतं. ते निघालंच नाही. रडू आलं, आणि अंगणवाडीतली पोरं खिचडी सोडून माझ्याकडे बघत बसली.

भिंतीवर अ आ इ काढायला आणलेला निळा ऑइल पेंट कोपऱ्यात होता. ब्रश घेतला आणि सतराव्या कडीखाली लिहिलं: आशाबाई. शाळेतलं वळणदार अक्षर.

जाईबाई ते बघत होती. म्हणाली, “अठरावर कौतिका होती. तिचं पोरगं एसटीत कंडक्टर झालं.” मी लिहिलं. “एकोनीस, शेवंता. तिले जुया पोरी होत्या, एकाच झोयीत.” असं करत ती सांगत गेली, मी लिहीत गेलो, ताई डबा धरून मागे मागे. चोवीसपैकी एकवीस नावं तिला आठवली. तीन कड्या रिकाम्या ठेवल्या, कुणाला आठवलं तर.

मी विचारलं, “जाईबाई, तुमचं नाव कोणत्या कडीखाली लिहू?”

“माही कायची कडी? मी त साऱ्याइले झोका देत होती.”

तिचं नाव बाहेर दारावर लिहिलं, पितळी पाटीच्या वर. स्टुलावर चढावं लागलं. ज्योत्स्नाने स्टुलाचे पाय धरले होते.

नियम नऊ: संरक्षित वास्तूच्या भिंतीवर काहीही लिहिणे हा गुन्हा. तक्रार झाली तर चौकशी सदस्य (इतिहास) यांच्याकडे येईल. अक्षर कुणाचं, ते मी लगेच ओळखीन.